शीत प्रदेशातील घरगुती मधमाशीपालन

शीत प्रदेशातील घरगुती मधमाशीपालन : यूरोपच्या उत्तर व पूर्व भागांत, विशेषतः जर्मनी, पोलंड, लिथ्युएनिया, बेलारूस, युक्रेन व रशिया या देशांत, शेतकरी कुटुंबाने आपल्या वाडीत मधमाश्यांच्या थोड्या वसाहती बाळगून मध व मेण मिळविण्याचा परंपरागत जोडधंदा. या प्रदेशांत वर्षातील पाच ते सहा महिने मधमाश्यांना फुलोरा मिळत नाही. त्या काळात उन्हाळ्यात साठविलेल्या मधावरच त्यांना तग धरावा लागतो आणि नेमका हाच साठा माणसालाही हवा असतो. एका साठ्यावरील या दोन हक्कांची वाटणी कशी करावयाची, हा शीत प्रदेशातील मधमाशीपालनाचा मूलभूत प्रश्न असून त्याची निरनिराळ्या काळांतील उत्तरे म्हणजेच या व्यवसायाचा इतिहास होय.

वसाहतीचा हिवाळा : उत्तर यूरोपातील मूळची माशी ही पाश्चात्त्य मधमाशीची (एपिस मेलिफेरा) काळसर उपजाती होय [→ मधमाशी]. गांधीलमाश्यांच्या वसाहतीतील केवळ फलित माद्याच हिवाळा पार करतात. मधमाश्यांची मात्र संपूर्ण वसाहत राणीसह जागी राहते. तापमान सु. १४° से.च्या खाली उतरू लागले की माश्या मेणाच्या फण्यांमध्ये एकमेकींना बिलगून दाट घोळका करतात. पंख न हलविता उड्डाणाचे स्नायू थरथरवून त्या उष्णता निर्माण करतात. बाहेर पाणी गोठत असतानाही घोळक्याच्या पृष्ठभागी सु. १०° से. आणि गाभ्यात २०° ते ३०° से. तापमान टिकून राहते. हिवाळ्याच्या अखेरीस राणी अंडी घालू लागली की, पिलाव्याभोवती ते ३४°–३५° से.पर्यंत चढवावे लागते.

या उष्णतेचे इंधन मध होय. एका वसाहतीला एका हिवाळ्यात स्थलपरत्वे सु. १५ ते २५ किग्रॅ. मध लागतो, अतिशीत प्रदेशांत त्याहूनही अधिक लागतो. उन्हाळ्यातील कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, तर शरद ऋतूत जन्मलेल्या माशीच्या शरीरात मेद व प्रथिने यांचा साठा अधिक असल्याने ती सहा महिन्यांपर्यंत जगू शकते. थंडीत माश्या बाहेर पडत नाहीत. विष्ठाही त्या शरीरातच साठवून ठेवतात व वसंतातील पहिल्या उबदार दिवशी उडून शरीरशुद्धी करतात. मधाच्या ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ पोळ्याच्या छताला गोठते आणि तिचे थेंब घोळक्यावर पडतात. त्यामुळे कोरड्या थंडीपेक्षा ओल अधिक घातक ठरते. निसर्गतःही हा काळ कठीणच असतो. टॉमस सीली यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील रानटी वसाहतींची निरीक्षणे केली, तेव्हा नव्याने वसलेल्या वसाहतींपैकी सु. चतुर्थांशच पहिला हिवाळा पार करू शकल्याचे आढळले.

वृक्षमोहोळे : मध्ययुगात पूर्व यूरोपातील मध मुख्यतः अरण्यांतून मिळे. जुन्या पाइन वा ओक वृक्षाच्या खोडात, जमिनीपासून अनेक मीटर उंचीवर पोकळी कोरून तीत माश्यांचा थवा येऊन वसण्याची वाट पाहिली जाई. पोकळीचे तोंड फळीने बंद करीत व खोडावर मालकाच्या कुटुंबाची खूण कोरीत. अशा वृक्षांना कायद्याचे संरक्षण होते. ‘रूस्काया प्राव्दा’ या मध्ययुगीन रशियन विधिसंहितेत मोहोळवृक्षावरील खूण नष्ट करणाऱ्यास दंड सांगितला आहे. लिथ्युएनियाच्या १५२९ च्या विधिसंहितेतही अशा वृक्षांच्या रक्षणाच्या तरतुदी आहेत. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या अरण्यातील मधपालांना सम्राट चौथा चार्ल्स याने १३५० मध्ये विशेषाधिकारांची सनद दिली.

या संरक्षणामागे मधाइतकेच मेणाचेही कारण होते. ख्रिस्ती चर्चमध्ये मेणबत्त्यांना सतत मागणी असल्याने मेण हा दूरच्या व्यापाराचा माल बनला. नॉव्हगोरॉड येथून हॅन्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांमार्फत ते पश्चिमेकडे जाई. वृक्षमोहोळांतील मध वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस काढला जाई व त्यातील काही फण्या माश्यांसाठी राखल्या जात. उंच झाडावर पुनःपुन्हा वसाहत वसविणे सोपे नसल्याने ही वाटणी मधपालाच्याही हिताची होती.

ओंडके व गवती टोपल्या : शेतीच्या विस्तारामुळे व इमारती लाकडाच्या मागणीमुळे अरण्ये मागे हटली, तसतशी मोहोळे घराजवळ आली. पूर्वेकडे लाकूड मुबलक असल्याने पोकळ ओंडके उभे किंवा आडवे ठेवून त्यांत वसाहती पाळीत. जर्मनी, नेदर्लंड्स व इंग्लंड या भागांत गव्हाच्या किंवा रायच्या काडाच्या पेंढ्या वेटोळ्या शिवून केलेली घुमटाकार टोपली रूढ झाली. थंडी-वाऱ्यापासून संरक्षण म्हणून तिला बाहेरून शेण व माती वा चुना यांचा लेप देत. अशा टोपलीला जवळजवळ काहीच खर्च नसल्याने अल्पभूधारक शेतकरी, मजूर, विधवा स्त्रिया आणि खेड्यातील धर्मोपदेशकही ती सहज बाळगू शकत.

टोपलीत एक मोठी उणीव होती. माश्या आपल्या फण्या तिच्या आतील पृष्ठभागास चिकटवीत. त्यामुळे फण्या कापल्यावाचून आतील साठा पाहता किंवा काढता येत नसे. परिणामी शरद ऋतूत वसाहतींची निवड करावी लागे. उत्तर जर्मनीतील ल्यूनेबर्गच्या माळरानावर हेदर या झुडपाचा बहर संपला की, प्रत्येक टोपली हाताने उचलून तिचे वजन अजमावीत. सर्वांत जड टोपल्यांत मध भरपूर असे, म्हणून त्या मारावयाच्या. सर्वांत हलक्या टोपल्या हिवाळ्यात तगणार नाहीत, म्हणून त्याही मारावयाच्या. मध्यम वजनाच्या तेवढ्या पुढील वर्षासाठी राखावयाच्या, असा दंडक होता. खड्ड्यात गंधक पेटवून त्यावर टोपली ठेवली की वसाहत गुदमरून मरे. वसंत व उन्हाळ्यात राखलेल्या वसाहतींतून थवे बाहेर पडत व टोपल्यांची संख्या पूर्ववत होई. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत चोख होती. परंतु उत्तम साठा करणाऱ्या वसाहती दरवर्षी नष्ट केल्याने त्यांचे वाण पुढे टिकत नसे. अठराव्या शतकापासून अनेक विचारवंत मधपालांनी या प्रथेला क्रूर व अपव्ययी ठरवून विरोध केला.

घरातील स्थान : साखर दुर्मिळ असेपर्यंत मध हेच शेतकरी घरातील मुख्य गोड द्रव्य होते. मसालेदार केक, फळांचे टिकाऊ पाक व मधापासून आंबविलेले मद्य यांत त्याचा उपयोग होई. खोकला व जखमा यांवरही तो वापरीत. रशियन ‘म्योद’, लिथ्युएनियन ‘मेदुस’ व इंग्रजी ‘मीड’ (मधाचे मद्य) हे शब्द संस्कृत ‘मधु’ या शब्दाचे सगोत्र आहेत. अस्वलाला रशियन भाषेत ‘मेद्वेद’, म्हणजे मध खाणारा, असे म्हणतात. कामाचे वार्षिक चक्र फुलोऱ्यावर बेतलेले असे. विलोच्या तुऱ्यांवरील परागकणांनी वसंत सुरू होई. त्यानंतर फळझाडे, क्लोव्हर, लिंडेन वृक्ष, कुट्टूची शेते व अखेरीस हेदर असा क्रम असे. रशियात १४ ऑगस्ट (जुन्या पंचांगाप्रमाणे १ ऑगस्ट) या दिवशी नवा मध चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करण्याचा सण आहे. झोसिमा व साव्वाती हे संत तेथे मधमाश्यांचे रक्षणकर्ते मानले जातात.

माशीला कुटुंबातील घटक मानण्याची वृत्ती भाषा व लोकाचार यांतही दिसते. लिथ्युएनियन भाषेत पशूंच्या मृत्यूसाठी वेगळे क्रियापद आहे. मधमाशीसाठी मात्र माणसाकरिता वापरले जाणारे क्रियापदच योजतात. त्या भाषेतील मित्रवाचक ‘बिचूलिस’ हा शब्द माशीवाचक ‘बिते’ या शब्दापासून झाला असून मोहोळाची भागीदारी हा त्यामागील मूळ संदर्भ होय. इंग्लंड व जर्मनीत घरधन्याचा मृत्यू झाला की, ती वार्ता मोहोळाजवळ जाऊन माश्यांना सांगण्याची चाल होती.

चल चौकटीचा शोध : वसाहत न मारता मध काढण्यासाठी फण्या सुट्या व हलविता येण्याजोग्या करणे आवश्यक होते. फ्रान्स्वा ह्यूबर (१७५०–१८३१) या स्विस अंध निसर्गवैज्ञानिकाने निरीक्षणासाठी पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी पेटी तयार केली होती. युक्रेनमधील प्येत्रो प्रोकोपोविच (१७७५–१८५०) यांनी १८१४ मध्ये लाकडी चौकटींची पेटी बनविली. तिच्या वरच्या कप्प्यात केवळ कामकरी माश्यांनाच शिरता येईल अशा बेताच्या फटी ठेवल्याने तेथे राणीला अंडी घालता येत नसत व त्या चौकटींत निर्भेळ मध मिळे. माश्यांचा भाग खाली व माणसाचा वर, अशी ही वाटणी होती. त्यांनी १८२८ मध्ये सुरू केलेल्या मधमाशीपालन विद्यालयात जमीनदारांनी पाठविलेल्या भूदास तरुणांना शिक्षण मिळे. त्यांच्या पश्चातही हे विद्यालय काही दशके चालू राहिले.

सायलीशियातील धर्मोपदेशक यान झेरझोन (१८११–१९०६) यांनी सुट्या पट्ट्यांची पेटी प्रचारात आणली. नर माश्या अफलित अंड्यांपासून जन्मतात हा त्यांचा १८४५ चा सिद्धांतही प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील लोरेंझो लँगस्ट्रॉथ (१८१०–९५) यांना १८५१ मध्ये निर्णायक सूत्र गवसले. सु. ६ ते ९ मिमी. रुंदीची मोकळी जागा माश्या येण्याजाण्यासाठी तशीच सोडतात. त्याहून अरुंद फट त्या राळेसारख्या पदार्थाने बुजवितात व रुंद जागेत फणी बांधतात. चौकटीभोवती एवढेच अंतर राखले की ती चिकटत नाही व वर उचलता येते. या पेटीचे एकस्व त्यांना १८५२ मध्ये मिळाले. पुढे योहानेस मेहरिंग यांचा मेणपत्रा (१८५७) व फ्रान्झ हुशका यांचे अपकेंद्री मधयंत्र (१८६५) यांमुळे फणी न मोडता मध काढून ती पुन्हा माश्यांना देता येऊ लागली.

हिवाळी व्यवस्था : नव्या पेटीने मध मोजता येऊ लागला, म्हणून हिवाळ्यासाठी किती ठेवावयाचा हा निर्णय आता सर्वस्वी पाळणाऱ्याच्या हाती आला. रशियात वसाहती अर्धवट जमिनीत खोदलेल्या, शेवाळाने फटी बुजविलेल्या ‘ओम्शानिक’ नावाच्या लाकडी कोठारात नोव्हेंबरच्या सुमारास नेऊन ठेवीत व वसंतात बाहेर काढीत. तेथे अंधार आणि शून्याच्या किंचित वर स्थिर राहणारे तापमान यांमुळे माश्या शांत राहतात व मध कमी लागतो. इतरत्र पेट्यांना पेंढा गुंडाळीत, दार उंदीर शिरू नये इतके अरुंद करीत व ओल जाण्यासाठी वर लहान छिद्र ठेवीत. एकोणिसाव्या शतकात बीटची साखर स्वस्त झाल्यावर मधाची घरातील मक्तेदारी संपली. परंतु तीच साखर शरद ऋतूत पाक करून माश्यांना देता येऊ लागली. हेदरसारख्या काही वनस्पतींच्या मधात न पचणारे घटक अधिक असतात. दीर्घकाळ कोंडलेल्या माश्यांना त्यामुळे हगवण होते. अशा ठिकाणी पाक अधिक सोयीचा ठरला.

हा प्रश्न कायमचा सुटला असे मात्र झाले नाही. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात विसाव्या शतकात अनेक व्यावसायिक मधपाल शरद ऋतूत वसाहती मारून सगळा मध काढून घेत व वसंतात अमेरिकेच्या दक्षिण भागातून माश्यांची नवी खोकी आणीत. हिवाळाभर खाऊ घालण्यापेक्षा हे स्वस्त पडे. परोपजीवी किडींच्या भीतीने १९८७ मध्ये ही आयात बंद झाली, तेव्हा वसाहती जगविण्याच्या तंत्राकडे त्यांना पुन्हा वळावे लागले.

आधुनिक स्थिती : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युक्रेन व रशियातून अतिपूर्वेकडील उसूरी प्रदेशात गेलेल्या वसाहतकऱ्यांनी आपली मोहोळेही सोबत नेली. तेथे आशियाई मधमाशीवरील (एपिस सेराना) माइट पाश्चात्त्य माशीवर संक्रमित झाला, असे मानले जाते. २००० मध्ये व्हॅरोआ डिस्ट्रक्टर या नावाने स्वतंत्र जाती ठरलेला हा परोपजीवी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ जगभर पसरला. तो पिलाव्यावर वाढतो व विषाणूंचा प्रसार करतो. शरद ऋतूतील माश्या त्यामुळे अल्पायुषी ठरतात व मध शिल्लक असतानाही वसाहत हिवाळ्यात संपते. आता हिवाळ्याची तयारी उन्हाळ्याच्या अखेरीस या माइटच्या बंदोबस्तानेच सुरू करावी लागते. जुन्या पद्धतीही सर्वस्वी लोपलेल्या नाहीत. रशियातील बश्कोर्तोस्तान येथे वृक्षमोहोळे व त्यांतील स्थानिक माशी यांचे शुल्गन-ताश राखीव क्षेत्रात (स्थापना १९८६) जतन होत आहे. पोलंड व बेलारूस यांतील वृक्षमोहोळांच्या परंपरेचा २०२० मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

भारतीय परिस्थितीशी तुलना : महाबळेश्वर परिसरात पाळली जाणारी सातेरी माशी (एपिस सेराना इंडिका) अन्नटंचाई किंवा उपद्रव झाल्यास पेटी सोडून अन्यत्र निघून जाते, उत्तरेकडील माशीला हिवाळ्यात असा मार्गच नसतो. मोठा साठा करण्याची तिची प्रवृत्ती व त्यामुळे मिळणारे भरघोस उत्पन्न या दोहोंचे मूळ शीत प्रदेशातील या कोंडीत आहे. याच उत्पन्नासाठी १९६० च्या दशकात ही माशी हिमाचल प्रदेश व पंजाबात आणली गेली आणि पुढे तिचे स्थलांतरी पालन महाराष्ट्रातही सुरू झाले. सह्याद्रीत टंचाईचा काळ हिवाळा नसून पावसाळा होय. आषाढ-श्रावणातील सततच्या पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही. पेटीत पुरेसा मध राखलेला नसेल, तर साखरेचा पाक द्यावा लागतो. अन्यथा वसाहत दुबळी होते किंवा निघून जाते. ऋतू वेगळा असला, तरी माश्यांचा वाटा आधी मोजून मग आपला घेणे हा नियम दोन्ही प्रदेशांत सारखाच लागू पडतो.