दहा दिवसांचं मिशन



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. एक पत्र आलं होतं आणि त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. म्हटलं, आधी इथे लिहून काढावं, म्हणजे डोक्यातला गुंता जरा सुटेल.

पत्र माझ्या नातीचं. ती अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या चर्चमधली वीसेक मुलं-मुली उन्हाळ्यात दहा दिवस मध्य अमेरिकेत, होंडुरासला जाणार आहेत. तिथे एका गरीब कुटुंबाला घर बांधून द्यायचं, संध्याकाळी लहान मुलांना गाणी आणि येशूच्या गोष्टी शिकवायच्या आणि परत यायचं. प्रत्येकाने आपला खर्च देणग्या मागून उभा करायचा, अशी तिकडे पद्धत आहे. त्यासाठीचं छापील पत्र तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. माझ्या पत्राखाली मात्र हाताने, मोडक्यातोडक्या मराठीत एक ओळ होती, "आजी, तुजे पैसे आले तर मला सगळ्यात आनंद होईल."

पैसे पाठवणं काही अवघड नव्हतं. पेन्शन वेळेवर येते. तरीही पंधरा दिवस तो कागद टेबलावर पडून होता.

त्याचं कारण असं की आमचं घराणंच मुळी समुद्रापलीकडून आलेल्या अशा माणसांमुळे शिकलं. माझी आजी नगरच्या (आता अहिल्यानगर) मिशनच्या शाळेत अक्षर ओळखायला शिकली नसती, तर मी बीए होऊन तेहतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले नसते. त्यामुळे "मिशन" हा शब्द ऐकला की माझ्या मनात प्रथम कृतज्ञताच येते. पण त्या शब्दापुढे "दहा दिवस" आलं की काहीतरी खटकतं. काय खटकतं, ते शोधण्यासाठी थोडं मागे जाते.

१८०६ साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजातली पाच मुलं पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसली होती. आशियात जाऊन शुभवर्तमान सांगायचं, असं त्यांनी तिथे ठरवलं. त्यातूनच १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. १८१२ च्या फेब्रुवारीत पहिली तुकडी जहाजाने निघाली. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देशाबाहेर जायचा हुकूम दिला. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट बरेच हेलपाटे खाऊन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. म्हणजे घर सोडल्यापासून एक वर्षाने! नातीच्या सहलीचे दहा दिवस तर त्यांना बंदरातलं सामान लावण्यातच गेले असतील.

नॉट आजारी पडून १८१५ मध्ये परत गेले. हॉल राहिले. मराठी शिकले, मराठीत बोलू-लिहू लागले, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. पुढच्या वर्षी, १८२७ मध्ये, सिंथिया फॅरर मुंबईत आल्या. अमेरिकेतून परदेशी गेलेली पहिली अविवाहित मिशनरी स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. मुलींच्या शाळा काढणं हेच त्यांचं आयुष्य झालं. मुंबईनंतर त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फॅररबाईंकडे झालं. पस्तीस वर्षं एक बाई एका कामाला चिकटून राहिली, त्याचं हे फळ.

आता कुणी म्हणेल, जुन्या लोकांचं फार कौतुक चाललंय. तसं नाही हो. लांब मुक्काम केला म्हणजे सगळं बरोबरच केलं, असं मुळीच नाही. पगार त्यांच्या हातात, निर्णय त्यांचे आणि आपल्या लोकांनी हाताखाली काम करायचं, असा प्रकार पुष्कळ होता. आमच्या घरात त्याच्याही गोष्टी सांगितल्या जात. पण एक गोष्ट त्या लांब मुक्कामामुळे घडली. ज्यांच्यासाठी ते आले होते, ती माणसं हळूहळू त्यांना उलट बोलायला लागली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताची भक्ती या मातीच्या पद्धतीने, अभंग-कीर्तनाने झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. उपासनेत आम्ही आजही त्यांची गीतं म्हणतो. पण असं उलट बोलणारा माणूस तयार व्हायला शंभर वर्षं लागली, हेही विसरू नये.

मधला एक धागा आपल्या कोल्हापूरचा आहे. रॉबर्ट वाइल्डर हे मिशनऱ्याचे चिरंजीव, जन्म कोल्हापूरचा, १८६३ चा. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर झालं. वाइल्डर आणि त्यांच्या सोबत्यांच्या आवाहनावरून तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनला जायची तयारी लिहून दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने पुढे हजारो तरुण जगभर पाठवले. तेही "स्वयंसेवक"च म्हणवत. पण त्या सहीचा अर्थ आयुष्य देणं असा होता.

मग हे दहा दिवसांचं कुठून आलं? विमानातून आलं! १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन स्पॅनिश पुस्तकांनी भरलेला ट्रक मेक्सिकोला घेऊन गेला. १९६० मध्ये लोरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना थोड्या काळासाठी परदेशी पाठवणारी संस्था काढली. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि ही वाट रुंदावत गेली. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतून दर वर्षी सोळा लाखांच्या आसपास माणसं अशा छोट्या मिशन सहलींना जातात, असा अभ्यासकांचा अंदाज होता.

याला विरोधही जुना आहे. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९६८ च्या एप्रिलमध्ये, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी भाषण केलं आणि त्यांना चक्क जाऊ नका म्हणून सांगितलं. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांना तुम्ही मदत काय करणार? सेवा करायची तर आपल्या देशात करा. तिथली माणसं, तुम्ही नको आहात, असं तोंडावर सांगू तरी शकतील.

आणि योगायोग बघा, नात जाणार त्या होंडुरासबद्दलच एक अभ्यास आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर तिथे मिच नावाचं चक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली, घरं वाहून गेली. नंतर उत्तर अमेरिकेतून पुष्कळ गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण दोन हजार डॉलरच्या घरासाठी येणाऱ्या गटाचा एकूण खर्च, विमानासकट, तीस हजारांच्या घरात जायचा. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातली कुटुंबं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरातली कुटुंबं यांच्यात पुढे फारसा फरक दिसला नाही. जाऊन आलेल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आपण बदललो, आता जास्त दान करतो. देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तर वाढ किरकोळ होती.

हे सगळं वाचून नातीला लांबलचक उपदेश लिहायला घेतला होता. दोन पानं झाली आणि हात थांबला. किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा शिक्षक आठ दिवसांसाठी एका गावात गेलो होतो. जुने कपडे गोळा करून नेले होते. रस्त्याच्या कडेला तशाच कपड्यांचे ढीग मातीत पडलेले पाहिले. पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना जमवलं, गाणी घेतली, पाटीवर अ-आ सुरू केलं. तिसऱ्या दिवशी एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्याआधी दोन टोळ्या येऊन गेल्या. दरवेळी नवी बाई येती आन् अ पासून सुरू करती. आमची पोरं इ-ईच्या पुढं कधी जायची?"

मी काय उत्तर दिलं असेल? "आम्ही परत येऊ," म्हणाले. गेले नाही. शाळा सुरू झाली, घटक चाचण्या आल्या, वर्ष संपलं. त्या आजींचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. पण त्या निदान मला माझ्या भाषेत हे सांगू तरी शकल्या. होंडुरासमधली आजी माझ्या नातीला हे कसं सांगणार?

खटकत होतं ते हेच. मदत देणाऱ्याने किती दिवस दिले त्यापेक्षा, घेणाऱ्याला "असं नको, तसं करा" म्हणायला सवड आणि भाषा मिळाली का, हे मी विचारीन.

शेवटी रविवारी नातीला फोन केला. म्हटलं, पैसे पाठवते, पण निम्मे सहलीला आणि निम्मे स्पॅनिशच्या वर्गाला. तिथे गेल्यावर गवंड्याला त्याची रोजची मजुरी विचार. हे घर कुणी मागितलं होतं, ते तुमच्या पुढाऱ्यांना विचार. आणि पुढच्या वर्षी जायचं असेल तर त्याच गावात जा.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, त्या फॅररबाई निघाल्या तेव्हा त्यांना मराठी येत होतं का?"

नव्हतं येत. बोटीत बसताना त्यांनाही काही माहीत नसणार. मी तिला तेवढंच म्हणाले, "त्या राहिल्या गं." त्यावर ती काही बोलली नाही, आणि मलाही पुढे काही सुचलं नाही.

काल तिचा निरोप आला: वर्गात नाव घातलं आहे, मंगळवार-गुरुवार. बघू या. पैसे पोचले आहेत.