पाण्याचा हिस्सा कोणाच्या नावावर?

१९७२चा दुष्काळ म्हटले की डोक्यावर मातीची पाटी घेतलेली बाई आठवते. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. त्या कामांतून रस्ते झाले, नालाबांध झाले, पाझर तलाव झाले. पुढे वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७च्या कायद्याचा आधार मिळाला आणि मजुरीत स्त्री-पुरुष भेद नसावा हे तत्त्वही मान्य झाले. प्रश्न मजुरीच्या पुढचा आहे. पाझर तलावातले पाणी झिरपून खालच्या विहिरींना उतरते. ज्या बाईने तलावाची माती उचलली तिच्या घरी विहीरच नसेल, किंवा असलेली विहीर सासऱ्याच्या नावावर असेल, तर त्या पाण्यात तिचे काय?

हा प्रश्न जुना वाटेल, पण तो आज अधिक बोचतो. पाऊस बेभरवशाचा झाला आहे. गावाने एकत्र येऊन पाणी अडवावे, झाडे लावावीत, पीकपद्धती बदलावी, असे सगळेच सांगतात, आणि अशा कामांतून स्त्रियांचे सक्षमीकरण होते असेही गृहीत धरले जाते. पाणलोटाच्या कामांविषयी गेली काही वर्षे मी जे मिळेल ते वाचत आले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, गाव एकत्र आल्याने समता आपोआप येत नाही. कधीकधी उलटेही घडते. चराईबंदी झाली की डोंगर हिरवा होतो, पण चारा कापून डोक्यावरून गोठ्यापर्यंत आणण्याचे काम वाढते. ते बहुतेक ठिकाणी बाईच्याच वाट्याला येते. समता पुढे सरकली ती वाटपाचा नियम बदलला तेव्हा.

हा नियम पहिल्यांदा ठळकपणे बदलला तो पुरंदर तालुक्यात. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७४मध्ये नायगावच्या देवस्थानाची ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि तिथे पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल, हे तिचे सूत्र होते. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. जमीन आणि पाणी यांची गाठ सोडवण्याचे एवढे स्पष्ट धाडस त्याआधी क्वचितच झाले असेल.

या हिशेबात बाईचे डोके मोजले गेले, ही मोठी गोष्ट होती. त्याचबरोबर मोजणीचे एकक कुटुंब राहिले, आणि आपल्याकडे कुटुंब कागदावर कुटुंबप्रमुखाच्या नावाने येते. म्हणजे अर्धा एकराचे पाणी तिच्यामुळे आले, तरी तिच्या नावाने आले नाही.

दुसरा टप्पा सांगली जिल्ह्यातला. खानापूर तालुक्यात येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदीकाठच्या विहिरी कोरड्या पडत होत्या. १९८२च्या गिरणी संपामुळे मुंबईतले कामगार गावी परतले होते. डॉ. भारत पाटणकर यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी उभारलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीत तेही आले. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणी केली की वाळू आमची आहे. तिचा थोडा भाग आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. अभियंते के. आर. दाते यांची तांत्रिक मदत मिळाली आणि बळीराजा स्मृती धरण झाले. त्याचेही पाणी भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान, असे ठरले.

त्याच दशकात, त्याच जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी परित्यक्ता स्त्रियांना संघटित करत होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरासाठी जागा हवी, स्वतःचे रेशनकार्ड हवे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. वरवर पाहता त्यांचा पाण्याशी संबंध नाही. मला मात्र त्यात समन्यायी पाणीवाटपाची खरी परीक्षा दिसते. वाटप कुटुंबागणिक असेल, तर ज्या बाईला कुटुंबच उरलेले नाही ती कोणत्या रांगेत उभी राहणार? रेशनकार्ड हे तिला स्वतंत्र घर मानण्याचे पहिले कागदोपत्री पाऊल होते.

अगदी वेगळ्या विचारांच्या शेतकरी संघटनेलाही हाच कागद खुपला. १९८६च्या चांदवड अधिवेशनात हजारो शेतकरी स्त्रिया जमल्या. पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढली : नवऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यावा. समाजवादी असोत वा खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते, ग्रामीण बाईचा प्रश्न सोडवायला निघालेला प्रत्येक जण शेवटी सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी येऊन थांबला.

मराठवाड्याचा अनुभव अलीकडचा आहे. १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये (आताचे धाराशिव) घरांच्या पुनर्बांधणीत स्त्रियांचे गट उभे करणाऱ्या स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने पुढे दुष्काळात ‘एक एकर’ शेतीची पद्धत रुजवली. बाईने घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. त्यात सोयाबीनसारख्या एकाच नगदी पिकाऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी कमी पाण्याची मिश्र पिके घ्यायची. काय पेरायचे हे तिने ठरवायचे. पाऊस दगा देतो तेव्हा मिश्र पिकांतले काहीतरी हाती लागते आणि घरचे खाणे चालते. या कामाला २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. निर्णय बाईच्या हाती आला, हे त्याचे श्रेय. पण तो एकर बहुधा मागून घेतलेला असतो. घरच्यांचे मन फिरले, तर तो परतही जाऊ शकतो.

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खात्यांपैकी स्त्रियांच्या नावे सुमारे १४ टक्केच होती. ठिबक असो वा शेततळे, अर्जाला सातबारा जोडावा लागतो. त्यामुळे हवामानाशी झुंजण्यासाठी आलेला पैसाही आधी त्या कागदावरचे नाव शोधत येतो. मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४मध्ये केली, केंद्राने २००५मध्ये. कायदा वाट्याला आला, तरी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही घरोघरी आहेत.

पुरंदरने पाणी जमिनीपासून सोडवले; ते कुटुंबप्रमुखाच्या नावापासून सोडवणे अजून राहिले आहे. गावाच्या पाण्याच्या नोंदवहीत प्रत्येक प्रौढ बाईचे नाव स्वतंत्र ओळीवर यावे, एवढीच ही मागणी आहे. पाडव्याला ओवाळताना बायका पिढ्यान् पिढ्या बळीचे राज्य मागत आल्या. त्या राज्यात त्यांचा स्वतःचा हिस्सा किती, हे मात्र आता लिहून घ्यायला हवे.