महाजालाला दुसरा वाचक हवा

गोष्ट २००२च्या सुमाराची. एका सायबर कॅफेत बसून मी एका मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडले. पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा काला उमटला. कॅफेतला मुलगा उठून आला आणि म्हणाला, "काका, नेटस्केपमध्ये हे नाही चालत. एक्स्प्लोररमध्ये उघडा." तसे केले आणि बातम्या स्वच्छ दिसू लागल्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचनाही होती : हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे.

वृत्तपत्र मराठी, वाचणारा मराठी आणि मधला दरवाजा मात्र एका अमेरिकन कंपनीचा! तेव्हा हे मला खटकलेसुद्धा नाही. दिसले ना, मग झाले, एवढेच वाटले. आज मात्र त्या दरवाजाविषयीच बोलायचे आहे.

पूर्वी गावात वाचता येणारा एखादाच असे. मुंबईहून आलेले पत्र घेऊन लोक त्याच्याकडे जात. तो जे वाचून दाखवील, तेच पत्रात लिहिलेले! ब्राउझरचे काम नेमके त्या माणसाचे आहे. संकेतस्थळाकडून आपल्याकडे येतो तो मजकूर आणि त्यासोबतच्या खुणा : हा मथळा, हे चित्र, हा दुवा. त्या वाचून पान मांडण्याचे काम ब्राउझरच्या पोटातले इंजिन करते. खुणांचा अर्थ काय, हे मानकांमध्ये लिहिलेले असते आणि ती मानके कोणालाही मोफत वाचता येतात. पण वाचणारा एकच उरला, तर मानकात काहीही लिहिलेले असो, तो वाचील तोच अर्थ ठरतो.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. कोणाची परवानगी नको की मोबदला नको. १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट मिळू लागला. फुकट वस्तूशी लढणे कठीण. नेटस्केपने अखेर वेगळीच चाल खेळली. ३१ मार्च १९९८ रोजी त्या कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली जगापुढे ठेवली. या प्रकल्पाचे नाव होते मोझिला.

पण कंपनी वाचली नाही. २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली. तिने जवळजवळ सगळे मैदान मारले आणि मग काय झाले? सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडले. पाच वर्षे! स्पर्धक उरला नाही, तेव्हा सुधारणेची घाईही उरली नाही. संकेतस्थळे बांधणारेही मानके पाहीनासे झाले. एक्स्प्लोररमध्ये नीट दिसते ना, एवढेच पाहू लागले.

ही कोंडी फोडली ती मोझिलाच्या लोकांनी. २००३ मध्ये ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर पडली. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात झळकली. तिच्यात सुमारे दहा हजार देणगीदारांची नावे बारीक टायपात छापली होती. पुढे स्वयंसेवकांनी फायरफॉक्स मराठीतही आणला. युनिकोड रुळले, तसा मराठी अक्षरांवरचा एका ब्राउझरचा ताबाही सुटला.

इथवरची कथा अनेकांना माहीत असते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी, कमी माहितीची कथा. लिनक्सवर केडीई नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प होता. त्यातल्या थोड्या लोकांनी स्वतःचे इंजिन लिहिले, केएचटीएमएल. कॉन्करर या ब्राउझरमध्ये ते २००० साली लोकांसमोर आले. इंजिन आटोपशीर होते. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला, तेव्हा कळले की त्याच्या पोटात केएचटीएमएल आहे. ॲपलने त्यातून वेबकिट घडवले. वेबकिट घेऊन गूगलने २००८ मध्ये क्रोम काढला आणि २०१३ मध्ये त्यातूनच ब्लिंक हे आपले वेगळे इंजिन फोडले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या प्रकल्पाचा आधार घेतला. डिसेंबर २०१८ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनेही तेच करण्याची घोषणा केली. ज्या कंपनीने एकेकाळी मैदान मारले होते, तिलाही स्वतःचा वाचक पोसणे नकोसे झाले!

यात कोणी चोरी केलेली नाही. परवान्याने मुभा दिली होती आणि बदललेली आज्ञावली या कंपन्यांनी खुलीही ठेवली. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आज्ञावली खुली असणे आणि ती स्वतंत्र असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लिंक कोणीही वाचू शकतो, उतरवून घेऊ शकतो. मात्र त्यात उद्या काय येणार आणि काय जाणार, यावर सर्वांत मोठा शब्द गूगलचा असतो, कारण सर्वाधिक अभियंत्यांचा पगार तोच देतो. फायरफॉक्सचे इंजिन निराळे आहे खरे, पण मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग वर्षानुवर्षे गूगलकडूनच येत राहिला. आपले शोधयंत्र आधीपासून निवडलेले असावे, म्हणून गूगल ते पैसे मोजते. म्हणजे दुसरा वाचक आहे, पण त्याची शिधापाटी पहिल्याच्या घरून येते.

म्हणूनच लेडीबर्ड या प्रयत्नाकडे मी कुतूहलाने पाहतो. आंद्रेआस क्लिंग हे स्वीडनचे प्रोग्रामर. ॲपलमध्ये त्यांनी वेबकिटवरच काम केले होते. व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर रिकामे दिवस भरून काढायला त्यांनी २०१८ मध्ये एक संपूर्ण संगणकप्रणाली लिहायला घेतली, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले आहे. तिचे नाव सेरेनिटी. तिच्यात पाने दाखवण्यासाठी जे छोटे साधन लिहिले, तेच वाढत वाढत २०२२ मध्ये लेडीबर्ड झाले. जुलै २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. गिटहबचे एक संस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी तिला दहा लाख डॉलर दिले. शोधयंत्राचे करार नाहीत, वापरणाऱ्याच्या माहितीचा व्यापार नाही, केवळ देणग्या, असा त्यांचा नेम आहे. पहिली चाचणी आवृत्ती २०२६ मध्ये आणण्याचे त्यांनी जाहीर केले होते.

या मंडळींची रीत मला फार आवडते. ती ब्लिंक, वेबकिट किंवा फायरफॉक्सचे इंजिन उचलून घेत नाहीत. मानक उघडतात, त्यातली एकेक पायरी आज्ञावलीत टिपणासारखी उतरवतात आणि तिच्याखाली तिची अंमलबजावणी लिहितात. असे ओळीओळीने वाचताना मानकातल्याच चुका आणि अस्पष्ट जागा सापडतात. त्या कळवल्या जातात आणि दुरुस्त होतात. जुन्या वाचकाला सवयीने जे दिसत नाही, ते नव्या वाचकाला अडते, म्हणून दिसते. अर्थात सगळेच शून्यातून करणे शक्य नसते. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसवण्यासाठी लेडीबर्डही हार्फबझ हीच मुक्तस्रोत आज्ञावली वापरतो. क्रोम आणि फायरफॉक्सही तीच वापरतात.

हे टिकेल का? शंका मलाही आहे. देणग्या आटू शकतात, माणसे थकतात. मानकेही थांबत नाहीत, रोज वाढत असतात. शिवाय त्यांचा परवाना इतका सैल आहे की केएचटीएमएलसारखेच हेही उद्या एखाद्या कंपनीच्या पोटात जाऊ शकते. पण ते टिकले नाही, तरी एक गोष्ट सिद्ध करून जाईल : महाजालाचे करारपत्र अजून एखादी लहान टोळीही नव्याने वाचू शकते. ज्या दिवशी ते अशक्य होईल, त्या दिवशी १९९३ मध्ये सर्वांना दिलेली वस्तू कागदावरच सर्वांची राहील.

परवा एका कामासाठी अर्ज भरायला बसलो. अर्ज पुढे सरकेना. मदतीसाठी दिलेला क्रमांक फिरवला, तर पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, क्रोममध्ये उघडून बघा ना." मला कॅफेतला तो मुलगा आठवला. या वेळी मात्र मी विचारले, "का?" तिच्याजवळ उत्तर नव्हते. अर्ज मी अखेर क्रोममध्येच भरला.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)