विंचूदंश, हृदयाची अकार्यक्षमता आणि रुग्णनिरीक्षण : रायगड जिल्ह्यातील एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयाची अकार्यक्षमता, म्हणजेच हार्ट फेल्युअर, असलेल्या रुग्णाचे वजन, नाडी व रक्तदाब घरीच नोंदवून ती माहिती दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्याची पद्धती आज चर्चेत आहे. मात्र रुग्ण एका ठिकाणी आणि तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. पनवेल हे रायगड जिल्ह्याचे मुंबईकडील प्रवेशद्वार होय. तेथून मुंबई-गोवा महामार्गाने शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेस असलेल्या महाड तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर शोधले गेले. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. १९८१ पासून तो रायगड झाला. तांबड्या विंचवाच्या दंशाने येथे धडधाकट शेतकरी व लहान मुले दगावत असत. या विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणात स्रवतात व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. परिणामी हृदयावरील भार वाढून ते थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. हा हार्ट फेल्युअरचाच एक तीव्र प्रकार होय. अशा रुग्णास मुंबईस हलविण्याइतका अवधी पुष्कळदा मिळत नसे.

निरीक्षणातून निदान :
हाताशी अद्ययावत यंत्रे नसताना डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय ही पुढील हृदयविकाराची पूर्वसूचना असते, हे त्यांनी ‘लॅन्सेट’मधील १९८२ च्या लेखात मांडले. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. हे औषध आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या शिथिल करते. त्यांच्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे तीत दिसून आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

विवेचन :
या उपचारपद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात आहे. औषध तोंडाने घ्यावयाचे, स्वस्त आणि दर तीन तासांनी द्यावयाचे. ते कोठवर द्यावयाचे, हे हातपाय कोरडे व उबदार झाले की नाही यावरून ठरते. तज्ज्ञाचे ज्ञान अशा रीतीने खेड्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती आले, म्हणूनच अंतराचा अडसर कमी झाला.

दीर्घकालीन हार्ट फेल्युअरचे स्वरूप वेगळे असले तरी येथे एक समान सूत्र आढळते. अमेरिकेत १,६५३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) स्वयंचलित दूरध्वनीवरून लक्षणे नोंदविली गेली. तथापि त्यामुळे पुनर्भरती वा मृत्यू घटले नाहीत. उलट जर्मनीतील २०१८ च्या अभ्यासात चोवीस तास डॉक्टर उपलब्ध असलेले केंद्र नोंदी पाहत होते व तत्काळ उपचार सुचवीत होते. तेथे मृत्यूंचे प्रमाण घटले. या फरकामागे अन्य कारणेही संभवतात. तरीही नोंद आणि कृती यांच्यातील अंतर जितके कमी तितका लाभ अधिक, असे म्हणण्यास जागा आहे.

समारोप :
भारतात २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यक सेवा सुरू आहे. अशा सेवांचा विस्तार करताना बिरवाडीचा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध, प्रशिक्षित परिचारिका आणि निर्णयाचा अधिकार असलेला डॉक्टर नसेल, तर दूरवर पोहोचलेली नोंद रुग्णास वाचवू शकत नाही. यंत्र निरीक्षणाची व्याप्ती वाढविते. परंतु उपचाराची जबाबदारी अखेर रुग्णाजवळच्या माणसालाच पेलावी लागते.