आधी खूर, मग रूप

मागच्या शनिवारी हरसूलला गेलो होतो, ऑफिसातल्या मित्राच्या गावी. गोठ्यात दोन खोंड. "एक वळू म्हणून ठेवायचा, दुसरा खच्ची करून औताला. सांगा कोणता?" काकांनी विचारलं. मी अर्थातच उंच, भरदार वशिंडाचा दाखवला. काका हसले आणि दुसऱ्याचा खूर उचलला. काळाभोर, टणक. माझ्या हीरोचे खूर मात्र फिकट होते.

घरी येऊन वाचत बसलो. गुरांची पहिली छापील वंशावळ इंग्लंडात १८२२ साली निघाली, शॉर्टहॉर्न जातीची. तिथे बाजार मांस आणि दुधाचा, म्हणून अंगलट त्या हिशोबाने जोखली जायची. आपली डांगी मात्र नाशिक, अकोले, जव्हार-मोखाडा आणि डांगच्या धो धो पावसातली. भातखाचरातल्या चिखलात दिवसभर राबायचं म्हणून टणक खूर. पाणी निथळावं म्हणून तेलकट कातडी. १९५३ साली जोशी आणि फिलिप्स यांनी एफएओसाठी भारत-पाकिस्तानच्या गुरांवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही डांगी आहे.

पुढे जर्सी-होल्स्टीनचा संकर आला आणि जनावर लिटरवर मोजलं जाऊ लागलं. त्या परीक्षेत डांगी नापासच होणार, कारण तिचं दूध मुळात कमी. खुराला मार्क कोण देणार?

आणि मंडळी, इथे 'अन्डू' नाही. एकदा खच्ची केलेल्या खोंडाचा वंश तिथेच संपतो. ठेवलेल्याचे खूर पुढच्या पिढीत उतरतात. त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर? असो. काकांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.