मुंबईची मर्ल ओबेरॉन

हॉलिवूडच्या मानकऱ्यांच्या यादीत आपल्या मुंबईची एक मुलगी फार लौकर जाऊन बसली होती. पण तिने मुंबईचे नाव मात्र जन्मभर लपविले. ही हकीकत मर्ल ओबेरॉन या नटीची.

१९ फेब्रुवारी १९११ रोजी ती मुंबईत जन्मली. घरची गरिबी, वाढविणारी शार्लट सेल्बी मूळची सिलोनची. पुढे बिऱ्हाड कलकत्त्यास गेले. तेथेच मुलीला नाटकाचा नाद लागला आणि ती विलायतेस निघाली.

लंडनमध्ये निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी तिला हेरले. १९३३ साली ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती अॅन बोलीन झाली. भूमिका लहान, पण नाव झाले. मात्र गोऱ्या नायकाची नायिका गोरीच हवी, असा तो काळ! तेव्हा प्रसिद्धीवाल्यांनी तिचे जन्मगावच बदलले. टास्मानियातील होबार्ट हे तिचे गाव ठरले.

‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाकरिता तिचे नामांकन झाले. पारितोषिक बेटी डेव्हिसला मिळाले. १९३९ साली ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर तिने कॅथी रंगविली. त्याच वर्षी तिने कोर्डांशी लग्न केले. १९४२ साली ते ‘सर’ झाले, आणि कलकत्त्याची ही पोर ‘लेडी कोर्डा’!

आणि शार्लट? ती लंडनला मर्लच्याच घरी राहत होती. परंतु पाहुण्यांपुढे तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे सांगतात. १९३७ साली ती वारली. पुढे मुंबईच्या दप्तरातील जन्मदाखला उजेडात आला, तेव्हा कळले की शार्लट ही आई नसून आजी. जिला मर्ल बहीण मानीत आली, ती कॉन्स्टन्स हीच तिची जन्मदात्री!

१९७८ साली होबार्टने तिचा सत्कार योजिला. ‘आपल्या’ गावी ती गेली खरी, पण प्रकृतीचे कारण सांगून समारंभातून लौकरच उठली. पुढल्याच वर्षी ती निवर्तली.

२०२३ साली मिशेल योह यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा आशियाई वंशाच्या पूर्वीच्या नायिकेचा शोध सुरू झाला आणि मर्लचे नाव पुन्हा निघाले. खोटे बोलली म्हणून तिला दोष देणे सोपे आहे. पण वाचकहो, खरे बोलली असती, तर तिला पडद्यावर उभे तरी कोणी केले असते?