छातीतले पाणी आणि फसव्या पेशी

गालाच्या आतून हलकेच खरवडून काढलेल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. पसरट पेशी, मधोमध छोटेसे केंद्रक. नुसत्या अशा पाहण्यावरून कर्करोग ओळखता येईल का? हा प्रश्न वैद्यकापुढे दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला.

फुप्फुसाभोवती आवरणाचे दोन पातळ पदर असतात. निरोगी माणसात त्यांच्यामध्ये अगदी थोडा द्रव असतो. तो वंगणाचे काम करतो. क्षयरोग, न्यूमोनिया, हृदयाची दुर्बलता किंवा कर्करोग यांमुळे हा द्रव साठला की आपण ‘छातीत पाणी झाले’ असे म्हणतो. पाणी सुईने काढता येते. पण ते कशामुळे झाले, हे कसे ठरवायचे?

१८६७ मध्ये ल्यूके आणि क्लेब्स या जर्मन वैद्यांनी पोटात साठलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी ओळखल्या. १८८२ मध्ये क्विंके यांनी अशा पाण्यांतील पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र पाण्यात पेशी विरळ असतात. म्हणून पाणी यंत्रात वेगाने फिरवून साका खाली बसवतात. न्यूयॉर्कच्या मँडलबॉम यांनी १९१७ मध्ये हा साका मेणात बसवून, एखाद्या गाठीचे कापावेत तसे त्याचे पातळ काप घेण्याची पद्धत पुढे आणली. १९४२ मध्ये पापानिकोलाउ यांनी आपली रंजनपद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे केंद्रकाचे बारकावे स्पष्ट दिसू लागले.

तरी खरी अडचण कायम राहिली, आणि ती वेगळीच होती. आवरणाच्या आतल्या अस्तराच्या पेशीही या पाण्यात गळून पडतात. क्षयासारख्या आजाराने त्या चेतवल्या गेल्या की फुगतात, त्यांचे केंद्रक मोठे होते, त्या पुंजक्याने दिसतात. म्हणजे निरुपद्रवी पेशी हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेतात! येथे चूक झाली तर बऱ्या होणाऱ्या रोग्याला असाध्य आजार सांगितला जाईल, किंवा कर्करोग नजरेतून निसटेल.

या कोंडीतून वाट निघाली ती प्रतिपिंडांमुळे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असे प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच चिकटते. कॅलरेटिनिन हे प्रथिन प्रायः अस्तराच्या पेशींत सापडते, तर टीटीएफ-१ हे फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत. आता पेशीचे रूपच नव्हे, तिचे कूळही विचारता येऊ लागले. एका खुणेवर मात्र कोणी विसंबत नाही. अनेक खुणा एकत्र ताडून पाहतात.

तरीही कर्करोगामुळे झालेल्या पाण्यात पहिल्या तपासणीत पेशी सापडण्याचे प्रमाण सरासरी ६० टक्क्यांच्या आसपासच आहे. काही रोग्यांत पेशी पाण्यात गळतच नाहीत. म्हणून गरज पडल्यास पुन्हा पाणी तपासतात किंवा आवरणाचा तुकडा घेतात.

पुढच्या वेळी गालाच्या पेशी दाखवताना विद्यार्थ्यांना आपण एवढे जरूर सांगू या: सारखे दिसते ते एकच असेल असे नाही, आणि दिसले नाही म्हणजे नाहीच, असेही नाही.